नमुन्याची वीट

मी वीट बोलतेय. इंदूरच्या एका घराच्या भिंतीत आहे, कमरेइतक्या उंचीवर, प्लास्टरच्या आड. माझ्याशी टेकून एक लोखंडी पलंग आहे आणि त्यावर इंदुमतीबाई झोपतात. सोमवारी या घरावर स्लॅबचं काम सुरू होणार आहे. त्याच्या आत कुणी माझं ऐकलं तर बरं.

एरवी मी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. बारा वर्षं तोंड मिटून बसले. पण आता राहवत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

माझा जन्म सिमरोलकडचा. तिथे रामरतन प्रजापत यांचा विटांचा भट्टा होता. माती पिवळी, पायांनी तुडवून तुडवून लोण्यासारखी केलेली. रामरतनजींची बायको साच्यातून विटा काढायची आणि काढताना तिचा अंगठा प्रत्येक विटेच्या एका कोपऱ्यात किंचित रुतायचा. माझ्याही कोपऱ्यात तो खळगा आहे. तिला कितीदा सांगितलं तरी तिची ती सवय गेली नाही.

भट्ट्यात सगळ्यांचं नशीब सारखं नसतं, बरं का. जी विस्तवाच्या तोंडाशी, ती करपते, वेडीवाकडी होते. जी कडेला, तिला आच पोचतच नाही. दिसायला वीट, आतून माती. तिला तिकडे पीली म्हणतात. मी मधोमध होते, म्हणून पक्की भाजले. त्यात माझी काही कर्तबगारी नव्हती, पण तेव्हा मला वाटायचं की आहे. भट्टा उघडला की रामरतनजी एकीवर एक वीट वाजवून बघायचे. खणखणली की या ढिगात, भद्द वाजली की त्या ढिगात. पीली वीट त्यांनी कधी गाडीत चढवली नाही.

एक दिवस जीप आली आणि एक माणूस डझनभर विटा घेऊन गेला, त्यात मी. सांवेर रोडला एका ऑफिसात आम्हाला उतरवलं. काचेचं दार, छापील लेटरहेड, टेबलावर दोन फोन. मालकाला सगळे ललित भिया म्हणत; इकडे भैयाचं भिया होतं. त्याने आम्हा बाराजणींना उलटंसुलटं करून पाहिलं आणि मला निवडलं. धुतलं, पुसलं, पिशवीत घातलं. मी अशी काही फुशारले म्हणून सांगू. वाटलं, कुठल्या बंगल्याच्या दर्शनी भागात लागणार आपण.

पिशवीतून निघाले ती एका टेबलावर. गिरणी कामगारांच्या गृहनिर्माण सोसायटीची खोली होती ती. भोवती कमिटीची सात माणसं, सगळ्यांची तोंडं उतरलेली. त्यांची गिरणी बंद पडली होती. राहत होते त्या गिरणीच्याच खोल्या, आणि त्या पावसाळ्यानंतर खाली करा अशी नोटीस लागलेली. बड्या गणपतीहून एरोड्रमकडे जाणाऱ्या रस्त्याला सोसायटीने आधीच जमीन घेऊन ठेवली होती. त्यावर बावीस घरं उभी करायची होती, आणि तीही लवकर. कारण दिल्लीच्या सरकारने बाजार का काय तो खुला केला म्हणे आणि इथे सिमेंट दर महिन्याला, सळी दर आठवड्याला चढत होती. आज जे परवडतं ते दिवाळीला परवडेल का, हेच जो तो एकमेकांना विचारत होता.

सोसायटीचे सेक्रेटरी गोपीनाथराव पागे. गिरणीत फोल्डिंग खात्यात होते, म्हणजे विणून आलेलं कापड तपासायचं, खोट असेल ते थान बाजूला काढायचं. तीस वर्षं तेच केलेलं. स्वच्छ माणूस, कुणाचा चहासुद्धा न घेणारा. घरं बांधायचं सामान कुणाकडून घ्यायचं, हे ठरवायचं काम साहजिकच त्यांच्याकडे आलं.

त्या दिवशी विटांचं ठरायचं होतं. माझ्या शेजारी दुसरी एक वीट आणून ठेवली. बघते तर काय, माझ्याच थरातली बहीण, माझ्यापासून दोन हातांवर भाजलेली. रामरतनजी स्वतः तिला घेऊन आले होते. ती माझ्याकडे बघत राहिली, ही इकडे कशी म्हणून. मला तोंड लपवायला जागा नव्हती. कारण इतक्यात ललित भियाने माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "ये हमारे भट्टे का माल है, पागेजी. साल भर एक ही रेट. लिख के दूँगा."

मी ओरडले. विटेचं ओरडणं कुणाला ऐकू येतंय.

गोपीनाथरावांनी रामरतनजींना विचारलं, "तुम्ही रेट बांधून देणार का?"

"नहीं बाँध सकता, पागेजी," रामरतनजी म्हणाले. "हर भराई पे कोयला बढ़ रहा है. आज बाँध लूँगा तो कल माल में से काटना पड़ेगा."

कमिटीतले एक-दोघं हसले. बघा, स्वतःच कबूल करतोय, म्हणाले. खरं तर त्या खोलीत तेवढं एकच वाक्य लाखाचं होतं, पण महागाईने घाबरलेल्या माणसाला पक्क्या भावापुढे दुसरं काही ऐकू येत नाही.

रामरतनजींनी मला उचललं, हातात तोललं, कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग मला खाली ठेवून म्हणाले, "ईंट अच्छी है. पर ईंट मत देखो, भट्टा देखने चलो. दोनों के."

"मी पण तेच म्हणते," आनंदीबाई म्हणाल्या. कमिटीत त्या एकट्याच बाई. नवरा गेल्यावर वाइंडिंग खात्यात लागलेल्या, मुलगी देवासला दिलेली. "सिमरोलची बस जाते ना. एक दिवस जाऊन बघून येऊ या की."

गोपीनाथराव हसले. "आनंदीबाई, शितावरून भाताची परीक्षा. थानाचा पहिला वार हातात घेतला की मला अख्खं थान कळायचं. माग बघायला गेलो का मी कधी?"

"थान एका मागावर एकसलग निघतं, पागेजी. विटा काय एका दोऱ्यात ओवल्यात?"

त्यावर सगळेच हसले. आनंदीबाईसुद्धा थोड्या हसल्या, म्हणून बाकीच्यांना वाटलं की ती गंमतच होती. हात वर झाले. सहा ललित भियाकडे, एक रामरतनजींकडे. रामरतनजींनी माझी बहीण पिशवीत घातली, रामराम केला आणि गेले.

पुढे गोपीनाथरावांनी जे केलं ते गिरणीच्या माणसालाच सुचेल. गिरणीत मालाचा नमुना सीलबंद ठेवायची पद्धत. त्यांनी मला मलमलीच्या तुकड्यात गुंडाळलं, त्यावर सातजणांच्या आणि ललित भियाच्या सह्या घेतल्या, सुतळी बांधली आणि गाठीवर लाख ओतून शिक्का मारला. मग मला कपाटात ठेवून कुलूप लावलं. आता कोण फसवतंय बघू, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

कपाटातल्या अंधारात मी नुसती ऐकत असायची. पहिले ट्रक आले, विटा उतरल्या, आवाज खणखणीत. मला बरं वाटलं. म्हटलं, कुठून का आणेना, पक्क्या आणतोय ना. अठरा घरांच्या भिंती अशाच वर गेल्या. गोपीनाथराव प्रत्येक ट्रकला हजर. चढून वरची एक वीट उचलायची, फिरवून बघायची, मान हलवायची. थानाचा पहिला वार.

मग कोळसा आणखी चढला आणि उतरणाऱ्या विटांचा आवाज बदलला. भद्द, भद्द. मला कपाटात घाम फुटायचा बाकी राहिला. वरच्या थराला तेवढ्या चार चांगल्या असायच्या, खाली सगळ्या पीली. मिस्त्री कुरकुरायला लागला, "साब, माल हल्का आ रहा है." ललित भिया म्हणाला, उधर की मिट्टी का रंग ही ऐसा है. मिस्त्री म्हणाला, मग नमुना काढून शेजारी ठेवून बघा की.

"सील तोडलं की नमुना बाद," गोपीनाथराव म्हणाले. "उद्या वाद झाला तर कोर्टात सीलच लागेल."

झालं. ज्याच्यासाठी मला ठेवलं होतं, तेच माझ्याकडून होईना. मी कपाटात सुरक्षित आणि बाहेर चार घरांच्या भिंती मातीने चढत होत्या.

आनंदीबाईंनी कुणाला विचारलं नाही. बांधकामावर जाऊन एक वीट उचलली, पदराखाली धरून घरी नेली आणि बादलीत टाकली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती बादली दोन्ही हातांनी उचलून सोसायटीच्या खोलीत आल्या आणि टेबलावर ठेवली.

"पागेजी, हात घाला."

त्यांनी बाही वर करून हात घातला. बाहेर काढला तेव्हा मुठीत चिखल होता. मग कपाट उघडलं, लाख फोडली, मलमल सोडली आणि मला दुसऱ्या बादलीत ठेवलं. संध्याकाळपर्यंत कुणी घरी गेलं नाही. मी निघाले ती जशीच्या तशी.

मला पिशवीत घालून गोपीनाथराव सिमरोलच्या बसमध्ये बसले. रामरतनजींनी मला उलटं केलं आणि माझ्या कोपऱ्यातल्या खळग्यात बोट ठेवलं. "ये मेरे यहाँ की है. मेरी घरवाली का अँगूठा है."

"तुम्ही त्या दिवशी ओळखलं होतंत?"

"हाँ."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलता तो आप कहते, धंधे की जलन है." रामरतनजींनी त्यांना पाणी दिलं. "इसीलिए कहा था, भट्टा देख लो."

गोपीनाथराव तिथेच विटांच्या ढिगावर बसले. असं बसलेलं मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. ललित भियाने उचल आधीच नेली होती. सांवेर रोडला गेलं तर काचेच्या दाराला कुलूप, फोन बंद. कोर्टकचेरी करायची तर पावसाळा थांबणार होता का?

शेवटच्या ओळीतली चार घरं पीली विटांची. पाडून परत बांधायची, तर जो पैसा शिल्लक होता त्यात रामरतनजींच्या दराने तीन घरं होत होती. चौथं होत नव्हतं. गोपीनाथराव चार दिवस कागद घेऊन बसले, इकडून तिकडे करून पाहिलं, पण चौथं काही होईना. आणि चौथं घर चिठ्ठ्या काढताना आनंदीबाईंच्या नावाने निघालेलं होतं.

कमिटीपुढे ते उभे राहिले आणि म्हणाले, "तीन घरं पाडावी लागतील. चौथं आधीच्या ट्रकांचं आहे, ते पक्कं आहे." आयुष्यात कुणाचा चहा न घेतलेला माणूस, पण तेव्हा खोटं बोलला. मग आनंदीबाईंकडे वळून म्हणाले, "तुम्ही एकट्या, तुम्हाला रस्त्याजवळचं बरं पडेल. माझं तुम्ही घ्या, तुमचं कोपऱ्यातलं मी घेतो." आनंदीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. हो म्हणाल्या.

मिस्त्रीला त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, या घरावर स्लॅब नको, पत्र्याची चद्दर टाक. आणि पिशवीतून मला काढून त्याच्या हातात दिलं. "ही पण लाव कुठेतरी. आता हिला ठेवून काय करायचं."

असं मी या भिंतीत आले. माझ्या डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, सगळ्या पीली. वाईट नाहीत बिचाऱ्या. आच मिळाली नाही यात त्यांचा काय दोष? पण दर पावसाळ्यात त्या ओल धरतात आणि मला त्यांचं भुसभुशीत होणं कळतं. चद्दर हलकी, म्हणून आतापर्यंत निभावलं.

इंदुमतीबाईंना यातलं अवाक्षर ठाऊक नाही. त्यांचं एकच दुखणं. "बावीस घरांत एकवीस जणांच्या डोक्यावर स्लॅब आणि सेक्रेटरीच्या बायकोच्या डोक्यावर चद्दर. उन्हाळ्यात भाजून निघते मी." गोपीनाथराव म्हणायचे, गिरणीकडे अडकलेला पैसा आला की बघू. रोज अंथरुणावर बसण्याआधी ते माझ्यावर, म्हणजे प्लास्टरवर, तळवा टेकायचे. कुणी नसलं की हलकेच पुटपुटायचे, "पैसा आला की आधी ही भिंत." गिरणीचा पैसा आज येतो, उद्या येतो, असं करता करता वर्षं गेली. कोर्टात तारखा पडत राहिल्या. ते एकही तारीख चुकवत नसत.

मुलाला, निशांतला, सांगायचं त्यांच्या एकदा ओठांवर आलं होतं. तो नुकता कंप्युटरच्या नोकरीला लागला होता. "निशांत, एक सांगायचं होतं."

"बोला ना बाबा."

त्याच्याकडे पाहिलं आणि धीर सुटला. बापाने तीस वर्षं खोटं थान पुढे जाऊ दिलं नाही, एवढीच तर पुंजी होती मुलाकडे द्यायला. "काही नाही. या घरावर वजन नको टाकूस कधी."

"कसलं वजन?"

"असंच." निशांतला वाटलं, म्हाताऱ्यांची बडबड. मला मात्र सगळं समजत होतं आणि मी काही करू शकत नव्हते. सांगा ना हो, सांगा ना, करत मी आतल्या आत तळमळत राहिले. गेल्या माघात ते गेले. आनंदीबाई त्याआधीच देवासला मुलीकडे वारल्या. मिस्त्री कुठे असेल, काय ठाऊक.

आणि आता निशांतने मनावर घेतलंय. आईचा उन्हाळा संपवायचा. चद्दर काढून स्लॅब, वर दोन खोल्या, एक भाड्याने. पोरगं गुणाचं आहे हो. पगारातून साठवून, कर्ज काढून करतोय. तीन ठेकेदारांचे भाव मागवले, टेबलावर कागद शेजारी शेजारी मांडले, सळी कितीने चढलीय ते बघितलं आणि सगळ्यात कमी भावाचा निवडला. त्याच्या बापाची मान अशीच कागदावर झुकायची.

काल तो ठेकेदार आला. हसरा माणूस. ओल पाहून म्हणाला, "सीलन है, केमिकल लगा देंगे." निशांतने विचारलं, "भिया, जुन्या भिंती वरचं वजन घेतील ना? एकदा खोल के देख लो."

माझा जीव भांड्यात पडायला आला. म्हटलं, आता तरी कळेल. कुठेही उघडा, कुठेही.

ठेकेदाराने हातोडी काढली. "कहाँ से खोलूँ, माताजी? दीवार खराब दिखेगी."

इंदुमतीबाईंनी पलंग थोडा ओढला आणि माझ्यावर बोट ठेवलं. "इथून उघडा. यांच्या हाताचा डाग पडलाच आहे, एवढीच जागा खराब आहे."

नको, नको, म्हणत होते मी. छिन्नी बसली, प्लास्टरचा तुकडा पडला आणि बारा वर्षांनी माझ्यावर उजेड आला. ठेकेदाराने हातोडी मारली. मी खणखणले. पक्की वीट आहे मी, मला न खणखणता येत नाही.

"सुना, भिया? ऐसी ईंट आजकल मिलती कहाँ है. दो मंज़िल चढ़ा लो."

निशांतने सुटकेचा श्वास सोडला. त्याने माझ्यावर तळवा ठेवला, अगदी त्याचे बाबा ठेवायचे तसा. इंदुमतीबाई पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "मला ठाऊकच होतं. त्यांच्या नजरेखालून खोटं काही जायचंच नाही."

सळी येऊन पडली आहे. वाळूचा ट्रक उद्या येईल. तीन दिवस आहेत अजून.

निशांत, बाळा, मी खोटी नाही, पण माझ्यावरून या भिंतीचं ठरवू नकोस. तुझ्या बापाने एकदा ठरवलं होतं. आईचा पलंग आधी दुसऱ्या खोलीत ने. मग एक साधा खिळा घे, माझ्यापासून हातभर बाजूला प्लास्टर काढ, आणि तिथल्या विटेवर तो एकदा ओढून बघ.